दरडीखाली बघायचं नाही

सकाळची जपमाळ आटोपली तशी ओझित मेलांसोंनं रबरी बूट चढवले, पडवीतला लांब दांड्याचा काटा खांद्यावर घेतला आणि जिन्याच्या पायथ्याशी उभं राहून सुनेला हाक मारली.

"मिरेय, चल ग. पाणी उतरलंय. शेवाळ टाकून येऊ."

पवित्र सप्ताहाचा सोमवार होता. सेंत-मार्थ गावच्या बायकांचं हे काम ठरलेलं. गावातली घरं सगळी खाडीच्या काठानं, उंच दरडीवर ओळीनं बांधलेली, आणि प्रत्येक घराच्या दरडीतून एकेक पाईप खाली चिखलावर उघडलेला. संडासाचं, मोरीचं, घराला नको असलेलं सगळं त्या पाईपातून खाडीत जाई. वर्षभर त्याकडे कोणी बघत नसे. पण गुड फ्रायडेला क्रूस खांद्यावर घेऊन सगळा गाव ओहोटीच्या वाटेनं, दरडीच्या कडेकडेनं चर्चपर्यंत चालत जाई. त्या दिवशी पाईपांची तोंडं उघडी दिसणं बरं नव्हे, म्हणून लाटांनी आणून टाकलेलं शेवाळ काट्यानं ओढायचं आणि आपापल्या पाईपावर ढीग रचायचा. हे काम सासूनं सुनेला शिकवायचं. ओझितला तिच्या सासूनं, फिलोमेननं शिकवलं होतं. फिलोमेनला तिच्या सासूनं.

मिरेय गेल्या शरदात लग्न होऊन आलेली, आतल्या जंगलपट्टीतल्या गावची. समुद्र तिला नवा होता. पाचवा महिना सरत आला होता, म्हणून ती जपून, दगड बघून पाय टाकत उतरली. खाली येऊन तिनं पहिल्यांदा तो पाईप पाहिला. त्याच्या तोंडून करड्या पाण्याची एक बारीक धार चिखलात जात होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना हिरवा बुळबुळीत थर साचला होता.

"आई, हे आपलं?"

"हळू बोल."

"असंच जातं? खाली टाकी वगैरे काही नाही?"

"कोणाकडेच नाही. भरती येते, घेऊन जाते." ओझितनं शेवाळाचा पहिला काटा भरला.

"घेऊन कुठे जाते?" मिरेयनं चर्चकडे बोट केलं. "तिथल्याच शिंपल्या ना, शुक्रवारी खायच्या?"

शेजारच्या दरडीखाली झेलिका आपल्या पाईपावर शेवाळ रचत होती. तिचे कान तिखट आणि जीभ त्याहून. "काय ग ओझित, मडमेला चिखल आवडला नाही वाटतं? अग पोरी, माझा सासरा नव्वदीला टेकलाय. रोज याच शिंपल्या. तो मेला असता तर माझी सुटका झाली असती, पण मरतच नाही!"

बायका हसल्या. ओझितही हसली. मग सुनेजवळ जाऊन, तिच्या नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाली, "इथली एक रीत लक्षात ठेव, बाळ. चिखलात उतरलं की तोंड समुद्राकडे ठेवायचं. दुसऱ्याच्या दरडीखाली बघायचं नाही. मग आपल्या दरडीखालीही कोणी बघत नाही."

मिरेयनं काटा हातात घेतला.

खरं तर ओझितच्या डोळ्यांना दिसत होतं. ती नवी नवरी होती तेव्हा ओहोटीला सगळ्या खाडीवर लांब पात्यांचं गवत विंचरल्यासारखं आडवं पडलेलं असे. त्यात बारीक चंदेरी मासे, खेकड्यांची पिल्लं, आणि त्यांच्यावर टपलेले बगळे. वसंतात मासे अंडी घालायला नदीत शिरत, तेव्हा पोरं बादल्या घेऊन धावत. आता गवत नव्हतं. मासे नदीचं तोंड सोडून गेले होते. उन्हाळ्यात उघड्या चिखलाचा वास खिडक्या लावूनही घरात येई. सरकारनं कधीतरी चर्चखालच्या चिखलात खांब रोवून लाल पाटी ठोकली होती: शिंपल्या काढण्यास मनाई. ओझितचा नवरा थेओ त्या पाटीवर आपले ओले हातमोजे वाळत घाली. पाटी परक्यांसाठी आहे, असं गाव म्हणे. ओझितही तसंच म्हणे. देवानं दिलेलं देव घेऊन जातो, असं मनाशी म्हणून ती जपमाळेचा पुढचा मणी ओढी.

शुक्रवारी मिरवणूक झाली, आणि दुपारी घरोघर शिंपल्यांची भांडी चुलीवर चढली. त्या दिवशी मांस नाही, लोणी नाही. शिंपल्या, बटाटे आणि पाव. शिंपल्या शिजवायच्याही नाहीत, तोंडं उघडेपर्यंत नुसती वाफ द्यायची. जास्त वाफवल्या की चामडं होतात. आणि त्याआधी पहिली शिंपली कच्ची. क्रूसावर प्रभूला आंब, म्हणजे आंबट द्राक्षारस, पाजली, तिची आठवण म्हणून शिंपलीवर व्हिनेगरचा थेंब टाकायचा आणि ती घरातल्या धाकट्या सुनेनं खायची. मग बाकीच्यांनी जेवायला बसायचं.

टेबलाच्या वरच्या टोकाला म्हातारी फिलोमेन बसली होती. तिला सगळे मेमे, म्हणजे आजी, म्हणत. तिनं सुरी लावून शिंपली उघडली, थेंब टाकला आणि पुढे केली.

मिरेयनं हात पुढे केला नाही. "मेमे, मी वाफवलेल्या खाईन. ही नको."

"नको?"

"पोटात बाळ आहे. आणि मी ते... सोमवारी पाहिलं ना."

थेओ खाकरला. मुलगा रेजाँ बायकोकडे बघेना. तो पावाचा तुकडा मोडत राहिला. "अग, चिमणीएवढी तर आहे," तो पुटपुटला. "गिळून टाक नि मोकळी हो."

"माझ्या पोटात सात वेळा बाळ होतं," फिलोमेन म्हणाली. "सातही वेळा खाल्ली. देवाच्या नावाची गोष्ट कोणी नको म्हणालं नाही या घरात."

म्हातारीनं शिंपली आणखी पुढे केली. शिंपलीतलं पाणी टेबलक्लॉथवर ठिबकलं. सगळे ओझितकडे बघू लागले. कारण या घरात आवाज न चढवता भांडण मिटवायचं काम तिचं होतं.

ओझितनं सासूच्या हातातून शिंपली घेतली, सुनेच्या खुर्चीमागे गेली, तिच्या खांद्यावर हात ठेवला. "घे ग, बाळ. प्रभूचं नाव घे नि घे. काही होत नाही."

मिरेयनं वर बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. सासूवर विश्वास टाकावा की नाही, एवढाच प्रश्न होता. मग तिनं तोंड उघडलं, आणि ओझितनं ती शिंपली आपल्या हातानं तिच्या तोंडात घातली.

महिन्याभरानं शेवंडांचा, मोठ्या समुद्री झिंग्यांचा, हंगाम सुरू झाला तेव्हा मिरेयला ताप भरला. अन्नाचा वास नको झाला. एका सकाळी ती खिडकीपाशी उभी होती आणि उजेड तिच्या चेहऱ्यावर पडला. ओझितच्या हातातला कप तसाच राहिला. मिरेयच्या डोळ्यांतलं पांढरं हळदीसारखं झालं होतं.

शहरातल्या इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं, कावीळ आहे, घाणीच्या पाण्यातून येते ती. तिसऱ्या रात्री तिला कळा सुरू झाल्या. वेळ भरायला फार दिवस होते. मुलगी झाली. तळहातावर मावेल एवढी. नर्सनंच पाण्याचं बोट लावून तिचा बाप्तिस्मा केला, एलोदी असं नाव ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळ व्हायच्या आत एलोदी गेली.

तिला सेंत-मार्थच्या दफनभूमीत ठेवलं. तिथून सगळी खाडी दिसते. पेटी एवढी हलकी होती की रेजाँनं ती एकट्यानं, काखेत धरल्यासारखी आणली. घरी परतताना झेलिकानं ओझितचा हात धरला. "बाहेरून आणलं असेल तिनं. माहेरी गेली होती ना मधे? तिकडचं पाणी कसलं असतं कोणास ठाऊक." तिचा सासराही आठवडाभर पिवळा होऊन अंथरुणात पडला होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. झेलिका ते बोलली नाही. ओझितनंही विचारलं नाही.

मग आरोग्य खात्याची बाई आली. ओझितच्याच स्वयंपाकघरात बसली. शांत होती, दुखवट्याचं बोलली, मग विचारलं, "गुड फ्रायडेला शिंपल्या खाल्ल्या होत्या का घरात? कुठून आणल्या होत्या?"

"दुकानातून," थेओ म्हणाला.

"सगळ्या?"

"सगळ्या. पाटी आहे ना तिथं. आम्ही पाटी मोडत नाही." त्यानं ओझितकडे बघितलं. "होय ना ग?"

ओझितच्या एप्रनच्या खिशात जपमाळ होती आणि तिची बोटं एका मण्यावर थांबली होती. होय म्हटलं असतं तर ते खोटं झालं असतं. ती होय म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. तिनं बाईच्या कपात कॉफी ओतली.

जिन्यावर पाऊल वाजलं. मिरेय अर्ध्या जिन्यात उभी होती, कठडा धरून, अजून पिवळी. तिनं सगळं ऐकलं होतं. ती वळली आणि वर गेली. त्या महिन्याच्या अखेरीस रेजाँनं ट्रकमध्ये त्यांचं सामान भरलं आणि ती दोघं तिच्या माहेरी राहायला गेली.

वर्ष सरलं. ओझित रोज सकाळी जपमाळ झाल्यावर दफनभूमीत जाई. तिनं चहातली साखर सोडली, मग चहाच सोडला. पण व्रतं वाढली तरी मन निवेना. गुडघे टेकून ती पापांची यादी सांगायला लागे आणि प्रत्येक वेळी तीच शिंपली तिच्या हातात येई. एकदा तिनं फादरना सांगितलं. फादर म्हणाले, "तुम्ही जाणूनबुजून केलं नाहीत, ओझित. देव जाणतो." ती परत निघाली आणि दारातून वळून म्हणाली, "फादर, डोळे मिटून चालणारा माणूस पडला, तर त्याला आंधळा म्हणतात का?" फादरच्या घराचा पाईपही दरडीतूनच निघत होता.

थेओशी ती एकदाच बोलली. "टाकी बसवू या, शोषखड्डा खणू या."

"पुढच्या वर्षी बघू. बोटीला इंजिन हवंय."

"हे तू रेजाँ जन्मला तेव्हाही म्हणाला होतास."

"आणि मी एकट्यानं बसवून काय खाडी नितळ होणार आहे?" थेओ चिडला. "गावभर पाईप आहेत. लोक काय म्हणतील, मेलांसोंनी कबूल केलं म्हणतील. पोरगी आपल्यामुळे गेली, हे आपल्याच तोंडानं सांगितल्यासारखं होईल."

"तेच तर," ओझित म्हणाली. पण इतक्या हळू की त्याला ऐकू गेलं नसावं.

पुन्हा पवित्र सप्ताह आला. सोमवारी बायका काटे घेऊन उतरल्या. ओझित खिडकीत उभी होती.

"शेवाळ टाकून आलीस?" फिलोमेननं अंथरुणातून विचारलं. म्हातारी आता उठत नसे.

"नाही, मेमे."

"मग कधी टाकणार?"

"टाकणार नाही."

फिलोमेननं पांघरूण वर ओढलं. "माझ्या तोंडाला काळं फासशील तू," ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

शुक्रवारी सकाळी ओहोटी लागली तशी ओझित पडवीत गेली. तिथं भिंतीवर जुने लाकडी बोये टांगलेले होते, शेवंडांच्या पिंजऱ्यांवर तरंगत ठेवायचे. प्रत्येक घराच्या बोयाचा रंग ठरलेला. मेलांसोंचा नारिंगी, मधे पांढरा पट्टा. खाडीत बोया दिसला की पोरंसोरंही सांगत, हा अमक्याचा. तिनं त्यातला एक काढला, थेओच्या बापानं तासलेला, एका टोकाला निमुळता, आणि हातोडा घेऊन दरड उतरली.

पहिले घाव ऐकून थेओ दरडीच्या कडेला आला. "काय करतेस ग? वेड लागलं का तुला? वर सगळं तुंबेल!"

"तुंबू दे. आपलं आहे, आपल्या घरात राहू दे."

"मिरवणूक येतेय!"

"माहीत आहे."

ती ठोकत राहिली. पाईपातली घाण तिच्या बाह्यांवर उडाली. निमुळतं टोक आत गेलं, धार आधी पसरली, मग ठिबकली, मग थांबली. दरडीतून नारिंगी लाकूड आणि त्यावरचा पांढरा पट्टा बाहेर राहिला. ढीगभर शेवाळ शेजारीच पडलेलं होतं, ते तिनं पायानं दूर लोटलं. गावातल्या सगळ्या दरडींखाली त्या सकाळी शेवाळाचे नीट रचलेले ढीग होते. एवढा एकच पाईप शेवाळानं झाकलेला नव्हता, आणि तो कोणाचा, हे विचारायची गरज नव्हती.

क्रूस आला. मागे फादर, मागे काळ्या कपड्यातला गाव. झेलिकानं आधी पाहिलं, आणि तिचा चेहरा घट्ट झाला. फादर थबकले. गाणं विस्कटलं.

ओझित पाईपाच्या बाजूला उभी होती. हात कोपरापर्यंत काळे. तिचा आवाज कधीच मोठा नव्हता, तेव्हाही नव्हता. पुढच्या रांगेला ऐकू गेलं आणि मागच्यांना पुढच्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं.

"गेल्या वर्षी सरकारी बाई विचारायला आली होती. शिंपल्या दुकानातल्या, असं माझ्या घरात सांगितलं. मी गप्प बसले. त्या दुकानातल्या नव्हत्या. त्या इथल्या होत्या, आपल्या सगळ्यांच्या. सून नको म्हणत होती. मी माझ्या हातानं तिच्या तोंडात घातली."

"ओझित, पुरे," थेओ वरून म्हणाला.

"मला माफी मागायची ती मी देवाकडे मागते. पण एलोदी देवानं नेली, असं मी आता म्हणणार नाही. तिला जे लागलं ते या पाईपातून आलं. नाहीतर शेजारच्या. नाहीतर त्याच्या शेजारच्या."

मग झेलिकानं गाणं उचललं, फार मोठ्यानं, दुसऱ्या कोणाचा शब्द ऐकू येऊ नये एवढ्या मोठ्यानं. एकेक करून बाकीच्यांनी सूर धरला. मिरवणूक पुढे सरकली. ओझितसमोर येताच प्रत्येकजण मान वळवी, समुद्राकडे. तरुण, म्हातारे, कडेवर पोर असलेल्या बाया. तिनं स्वतः सुनेला शिकवली होती ती रीत.

सगळे गेल्यावर तिनं वर बघितलं. दरडीच्या कडेला, थेओपासून दूर, मिरेय उभी होती. ती दफनभूमीत आली असावी. हातात गुंडाळलेला फुलांचा कागद होता. ती खाली आली नाही. हाक मारली नाही. पण ती बघत होती. सरळ दरडीखाली, त्या पाईपाकडे, त्या काळ्या हातांकडे. सेंत-मार्थमध्ये त्या दिवशी खाली बघणारी तेवढी एकच होती. मग ती गेली.

त्या दुपारी मेलांसोंच्या घरात शिंपल्या शिजल्या नाहीत. तुंबलेला वास जिन्यापर्यंत आला होता. थेओ मधल्या खोलीत पाठ करून बसला होता. फिलोमेनचं संडासाचं भांडं ओझितनं उचललं, दरडीपासून दूर, मागच्या शेतात खड्डा खणून त्यातलं पुरलं, हात धुतले, आणि आरोग्य खात्याच्या नंबरावर फोन लावला. सुट्टीचा दिवस, कोणी उचलला नाही. यंत्रानं निरोप ठेवायला सांगितलं. तिनं आपलं नाव सांगितलं, गावाचं सांगितलं, आणि गेल्या वर्षी जे सांगायचं राहिलं होतं ते सगळं सांगितलं.

शनिवारी सकाळी जपमाळ झाल्यावर ती पुन्हा खाली उतरली. या वेळी समुद्राकडे पाठ करून, दरडीकडे तोंड करून चालली. शेवाळाचे ढीग रात्रीच्या उधाणाच्या भरतीनं विस्कटले होते. त्यांच्या आडून तोंडं दिसत होती. आयुष्यभर ज्यांच्यासमोरून ती गेली होती त्या एकेका घराचा पाईप ती पहिल्यांदाच बघत होती. शाळेचा. दुकानाचा. फादरचा. कुठलाच रंग नसलेले, सगळे सारखे.

खडकांत एक बोया अडकला होता, वादळात दोर तुटून आलेला. हिरवा, काळा पट्टा, तोही एका टोकाला निमुळता. झेलिकाच्या नवऱ्याचा. ओझितनं तो सोडवला, पदराखाली धरावा तसा कोटाखाली धरला आणि दरडीची वाट चढून झेलिकाच्या दारात गेली. दार ठोकलं.

आत खुर्ची सरकली. पडद्याची कड हलली, पुन्हा जागेवर आली. म्हाताऱ्या सासऱ्याचा खोकला ऐकू आला. "कोण आहे ग?" आणि झेलिकाचा दबका आवाज, "कोणी नाही."

ओझितनं बोया पायरीवर ठेवला नाही. दोन्ही हातांनी पोटाशी धरून ती तिथंच उभी राहिली. थोड्या वेळानं तिनं पुन्हा दार ठोकलं.